अवधूताचे गुरू आणि घराबाहेर पडलेली मुले



दरवर्षी मार्गशीर्ष पौर्णिमेला आपण दत्तजन्माचा पाळणा म्हणतो, आणि त्याआधीचे सात दिवस गुरुचरित्राचे पारायण असते. यंदा पारायणाला बसताना एक गोष्ट लक्षात आली. समोर बसलेल्या आपल्यापैकी जवळजवळ प्रत्येकाचा नातू, नात, भाचा नाहीतर पुतण्या या वर्षी किंवा गेल्या वर्षी घर सोडून शिकायला गेला आहे. कोणी नागपूरला, कोणी पुण्याला, कोणी वर्ध्याला. आरती झाली की प्रसादाच्या रांगेत पूर्वी संत्र्याच्या बहाराचे बोलणे व्हायचे, आता होस्टेल आणि मेसचे होते. म्हणून या अंकासाठी लिहा म्हटल्यावर मी हाच विषय घेतला. मी कीर्तनकार नाही, शास्त्री नाही. बॅंकेत कारकुनी केलेला माणूस आहे. चुकभूल द्यावी घ्यावी.

घर सोडून विद्येसाठी जाणे ही गोष्ट आपल्या संप्रदायाला नवी नाही. आपल्याच विदर्भातल्या कारंज्याची कथा घ्या. अंबा आणि माधव यांच्या पोटी नरहरी जन्मला, तो ॐकाराशिवाय दुसरे काही बोलेना. मुंज झाली आणि त्याच्या मुखातून वेद निघाले. आईला किती आनंद झाला असेल! आणि त्याच आनंदाच्या दिवशी मुलगा म्हणतो, आता मला निरोप दे, मी जातो. गुरुचरित्राचा अकरावा अध्याय आपण किती वेळा वाचला? मी तर पंचवीस-तीस वेळा वाचला असेल. पण अंबेचा आकांत मला कधी ऐकू आला नव्हता. आपण नरहरीकडे पाहत राहतो, आईकडे कोणी पाहत नाही. तिने त्याला थांबवून धरले. पोटी दुसरी मुले होईपर्यंत थांब म्हणाली, आणि तो थांबला. जुळी मुले झाली, मग तो काशीला निघाला. जाताना, तीस वर्षांनी परत येईन असे सांगून गेला.

तो काशीला जाऊन काय करतो पाहा. साक्षात दत्तावतार, वेद मुखोद्गत, आणि तरी कृष्ण सरस्वतींच्या पुढे शिष्य म्हणून उभा राहतो. नृसिंह सरस्वती हे नाव त्यानंतरचे. घरी तो अवतार होता, काशीत तो नवा विद्यार्थी झाला. आपल्या मुलांची अडचण नेमकी इथेच असते. सावनेरच्या शाळेत जो पहिला येतो, तो मोठ्या कॉलेजात गेला की त्याच्यासारखे साठ पहिले त्याच वर्गात बसलेले असतात.

आता घरची गोष्ट सांगतो. सांगू की नको, असे चार दिवस मनात चालले होते. नातीला विचारले, ती म्हणाली, "माझं नाव नका टाकू, बाकी लिहा."

ती पुण्याला इंजिनिअरिंगला गेली. बारावीला चांगले मार्क, घरात पहिलीच इंजिनिअर होणार म्हणून आम्ही गावभर पेढे वाटले. तिला पोचवून आल्यावर माझे सुरू झाले. सकाळी उठली का म्हणून फोन, दहाला डबा खाल्ला का म्हणून फोन, संध्याकाळी आरतीच्या वेळी घंटा ऐकवायला फोन, रात्री झोपली का म्हणून पुन्हा फोन. ती म्हणायची, "हो आबा, मस्त आहे." मला वाटले, मस्तच असेल. मग हळूहळू ती फोन उचलेना. मेसेज यायचा, क्लासमध्ये आहे. रात्री साडेनऊला कोणता क्लास असतो, हे विचारायचे मला सुचले नाही. किंवा सुचले, आणि विचारायचे धाडस झाले नाही.

दिवाळीला आली ती निम्मी होऊन. भाऊबीज झाली, परतीचे तिकीट जवळ आले, तेव्हा मागच्या अंगणात मला म्हणाली, "आबा, मी वापस जात नाही. मले तिथं कोणी आपलं वाटतच नाही. मी बोलली की सारे हसतात." वर्गात सरांनी काहीतरी विचारले, ती उठून 'काहून' म्हणाली, आणि तो शब्द मग तिचे नावच झाला. तेव्हापासून ती वर्गात बोलणेच सोडून बसली होती. खोलीतल्या दोघी इंग्रजीत बोलायच्या. पहिल्या परीक्षेत गणित गेले. कॅंटीनमध्ये एकटे जेवायची लाज वाटते म्हणून रात्री बिस्किटे खाऊन झोपायची, आणि मला सांगायची, जेवली.

यावर मी काय म्हणालो? दत्तमहाराज क्षमा करोत. मी म्हणालो, "बाई, लोन घेतलं आहे. हप्ता नंतर सुरू होतो, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढते. आता मागं फिरता येत नाही." जन्मभर लोकांना कर्जाचे कागद समजावले, तेच तोंडात आले. ती काही बोलली नाही, उठून आत गेली.

त्या रात्री झोप लागली नाही. देवघरात जाऊन नाथांचे भागवत उघडले. एकनाथ महाराजांनी हा ग्रंथ काशीत शके 1495, म्हणजे 1573 साली पुरा केला. पैठणचा माणूस, परक्या गावात बसून मराठीत लिहीत होता, आणि त्या मराठीसाठी त्यांना तिथल्या पंडितांसमोर उभे राहावे लागले अशी कथा आपण ऐकतोच. आपल्या बोलीवर हसणारे तेव्हाही होते. त्यात सातव्या, आठव्या, नवव्या अध्यायात अवधूत आणि यदुराजाचा संवाद आहे. चोवीस गुरूंची कथा. आपण ती पाठ म्हणतो, पृथ्वी, वायू, आकाश, पाणी. मी त्या रात्री चाळत चाळत कपोतापाशी आलो आणि थांबलो.

कपोत म्हणजे कबुतर. कबुतर-कबुतरीण, त्यांची पिल्ले. एके दिवशी दोघे चारा आणायला गेले आणि फासेपारध्याने पिल्ले जाळ्यात धरली. आई आली, पाहिले आणि शोकाने जाळ्यात पडली. बाप आला, त्याने सर्व पाहिले. तो मोकळा होता, त्याला पंख होते. पण माया इतकी, की जाळे दिसत असून त्यात उडी घातली. सगळे कुटुंब एका पिशवीत गेले. आजवर मला वाटायचे, हा गुरू संसार सोडायला सांगतो. त्या रात्री वाटले, हा गुरू मला फोन खाली ठेवायला सांगतो आहे! पोर अडचणीत, मी घाबरलेला, ती माझी भीती पाहून आणखी घाबरलेली. म्हणून ती 'मस्त आहे' म्हणत होती. मला सांभाळायचे एक जास्तीचे काम मी तिला लावून दिले होते. बाहेर एक तरी मोकळा राहिला, तर त्याला जाळ्याची गाठ तरी दिसेल.

भक्तहो, ही गोष्ट लहान नाही. 2022 साली आपल्या देशात तेरा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी स्वतःचा जीव संपवला, असे सरकारी नोंद सांगते, आणि राज्यांमध्ये सर्वांत मोठा आकडा आपल्या महाराष्ट्राचा आहे. आकडे लिहिणे हा माझा धंदा होता, पण हा आकडा लिहिताना हात थांबतो. प्रत्येक नोंदीमागे एक घर आहे, आणि बहुतेक घरांत कोणीतरी 'मस्त आहे' हेच ऐकलेले असणार.

गुरुचरित्राच्या सतराव्या अध्यायात असाच एक मुलगा आहे. करवीरच्या विद्वान ब्राह्मणाचा मुलगा, आईवडील लहानपणीच गेले. मुंज झाली, पण पाठांतर काही होईना. लोक म्हणत, बाप केवढा विद्वान आणि हा कसा निघाला. हिणवणे सहन न होऊन तो घर सोडून निघाला, भिलवडीला भुवनेश्वरीच्या देवळात अन्नपाणी सोडून बसला आणि शेवटी जिवावर उदार झाला. आपण पुढचा चमत्कार वाचतो, विद्या आली, आनंद झाला. मी म्हणतो, मधली ओळ पाहा. देवीने त्याला 'सहन कर' म्हटले नाही, 'लोक काय म्हणतील' म्हटले नाही. तिने पत्ता दिला. कृष्णेच्या पलीकडच्या काठावर औदुंबराखाली यती बसले आहेत, त्यांच्याकडे जा. मदत एका नदीपल्याड होती आणि पोराला ते माहीत नव्हते. आज तोच पत्ता सांगायचा तर, सरकारची टेली मानस नावाची फोनसेवा 2022 पासून सुरू आहे, क्रमांक 14416. फुकट आहे, दिवसरात्र आहे, मराठीत बोलता येते. हा अंक वाचून झाल्यावर तो क्रमांक कापून पोरांना पाठवा, आणि त्याबरोबर चार उपदेश पाठवू नका.

आणि पृथ्वी गुरू आहे, ती सर्व सहन करते, म्हणून रॅगिंगही सहन कर, असे कोणी सांगत असेल तर ते चूक आहे. क्षमा वेगळी आणि भीती वेगळी. आपल्या राज्यात रॅगिंगविरोधी कायदा 1999 पासून आहे, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. देशाची मदतवाहिनी 1800-180-5522. बोलीवर हसणे वेगळे आणि छळ वेगळा, यातला फरक मुलाला शांतपणे विचारून घ्यावा. माझ्या नातीचे पहिलेच होते. पण मी विचारले तेव्हा कळले, आधी नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला ओट्यावर बसवले. म्हटले, लोनचे मी बोललो ते विसर. जायचे की नाही हे तू ठरव, वर्ष गेले तर गेले. आपल्या सावनेरात ज्यांनी 23 जानेवारी 1919 रोजी देह ठेवला, ते राम गणेश गडकरी फर्ग्युसन कॉलेजात पहिल्याच वर्षी गणितात अडकले आणि कॉलेज सोडून गेले. आज त्यांचे नाव कोण विसरले? ती पहिल्यांदा हसली. म्हणाली, "आबा, मी काही नाटक लिहिणार नाही." मग म्हणाली, जायचे तर आहे, पण तिथे गेले की छातीत धडधडते, पुस्तक उघडले की त्या हसण्याचा आवाज येतो, आणि पानावर काय आहे ते दिसतच नाही.

तेव्हा मला शरकार आठवला. अवधूताचा बाण करणारा गुरू. तो बाणाचे टोक सरळ करत बसलेला असतो. समोरून राजाची स्वारी वाजतगाजत जाते. मागून कोणी विचारतो, राजा गेला का? तो म्हणतो, मला माहीत नाही. आता त्याने कान बंद केले नव्हते, वाजंत्री थांबवली नव्हती. वाजंत्री वाजत होती आणि त्याचे लक्ष बाणात होते, एवढेच. आपण मुलांना सांगतो, मन लावून अभ्यास कर. मन लावायचे कसे, हे कोणी सांगत नाही.

मला ते बॅंकेने शिकवले. नोटा मोजायची यंत्रे नव्हती तेव्हाची गोष्ट. ओल्या स्पंजावर बोट टेकवायचे आणि शंभराची गड्डी हाताने मोजायची. समोर खिडकीत गर्दी, कोणी नमस्कार घालतो, कोणी भांडतो. त्रेसष्टवर असताना कोणी हाक मारली की आकडा सुटला. मी नवा होतो, अंदाजाने पुढे जायचो, चौसष्ट असेल म्हणून. संध्याकाळी कॅश जुळायची नाही आणि कमी पडलेले पैसे खिशातून भरावे लागायचे. जुने हेड कॅशियर होते, त्यांनी एक दिवस सांगितले, "आकडा सुटला तर सुटला. स्वतःला शिव्या नको देऊ, हाक मारणाऱ्यालाही नको देऊ, आणि अंदाजानं पुढं तर मुळीच नको जाऊ. गड्डी सरळ कर, एकपासून घे." हे एवढेच. माझ्या दृष्टीने ही दीक्षाच होती.

मी नातीला तेच दिले. म्हटले, नोटा नाहीत तर श्वास मोज. आत-बाहेर एक, आत-बाहेर दोन, दहापर्यंत. नाम घ्यायचे असेल तर नाम घे, नसेल तर नुसता आकडा. मधे हसण्याचा आवाज येईल, मुली दिसतील, गणिताचा पेपर दिसेल. येऊ दे, ती राजाची स्वारी आहे. आकडा सुटला की एकपासून. किती वेळा? शंभर वेळा सुटला तर शंभर वेळा एकपासून. पहिल्या दिवशी ती तीनच्या पुढे गेली नाही. मी तरी कुठे गेलो? दोघे आजोबा-नात ओट्यावर डोळे मिटून बसलेले पाहून शेजारच्या काकू विचारून गेल्या, काही झालं का म्हणून.

याला आता माइंडफुलनेस म्हणतात आणि त्याचे वर्ग भरतात. नाव परदेशातून आले म्हणून नाक मुरडू नये, आणि सगळे आमच्याकडेच होते म्हणून छातीही फुगवू नये. मूळ बुद्धाच्या शिकवणीत आहे. इगतपुरीला गोयंका गुरुजींचे धम्मगिरी केंद्र 1976 पासून आहे, तिथे श्वासावर लक्ष ठेवण्यापासूनच सुरुवात होते. आपल्या भाषेत अवधान हा शब्द आहेच. लग्नात 'सावधान' म्हणतात, आणि तो एकच शब्द ऐकून समर्थ बोहल्यावरून निघून गेले असे सांगतात. बाकी आपण सर्व तो ऐकून अक्षता टाकतो आणि पंगतीकडे पाहतो. आपल्या नागपूर विद्यापीठाला 2005 पासून राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव आहे, ज्यांनी गावोगाव सामुदायिक ध्यान आणि प्रार्थनेला माणसे बसवली. सरकारनेही नव्या विद्यार्थ्यांना रुळायला वेळ द्यावा म्हणून 2019 मध्ये विद्यापीठांसाठी कार्यक्रम आखला. त्याचे नाव 'दीक्षारंभ'. नाव वाचून मला फार बरे वाटले. इंजिनिअरिंगला तर पहिले तीन आठवडे यासाठीच ठेवायचे असतात. ते तीन आठवडे आपली पोरे बुडवतात आणि आपण म्हणतो, शिकवणे कुठे सुरू झाले, या आठवड्यात घरीच थांब. तसे करू नये. मैत्री त्याच दिवसांत जुळते.

इंग्लंडात केंब्रिज विद्यापीठात सहाशेहून अधिक विद्यार्थ्यांवर हे तपासून पाहिले, 2018 साली ते छापून आले. आठ आठवडे असा अभ्यास केलेल्यांना परीक्षेच्या दिवसांत इतरांपेक्षा कमी त्रास झाला. पण तिथेच पुढे शाळेतल्या आठ हजारांहून अधिक मुलांना वर्गात बसवून हेच शिकवले, तेव्हा वेगळा फायदा काही दिसला नाही. मला दोन्ही खरे वाटते. नात मागत होती म्हणून तिला उपयोग झाला. तिच्या धाकट्या भावाला मी जबरदस्तीने बसवले, तर तो एक डोळा उघडा ठेवून मांजर पाहत होता. नामस्मरणाचेही असेच आहे, हे आपण कबूल करत नाही.

आणि श्वास मोजून गणित येत नाही, हेही सांगून ठेवतो. गणितासाठी सरांकडे जावे लागते. तिथे मधमाशी गुरू आहे, लहानमोठ्या सर्व फुलांतून रस घेणारी. मी म्हटले, सर एक फूल, वरच्या वर्गातली मुलगी एक फूल, तुझ्यावर हसली ती खोलीतलीही एक फूल समज, तिला गणित येत असेल तर विचार. ही गोष्ट तिला श्वासापेक्षा जड गेली. पण परत गेल्यावर तिने विचारले. ती मुलगी म्हणे रडली, मलाही इथे करमत नाही म्हणून. ती लातूरकडची. इंग्रजी बोलत होती ती लपायलाच.

एक कंकणाची कथाही तिला उपयोगी पडली. ती कुमारी पाहुण्यांसाठी साळी कांडते, बांगड्या वाजतात, घरची गरिबी बाहेर कळेल म्हणून एकेक काढते, शेवटी एकच ठेवते. नातीने त्याचा अर्थ आपल्या परीने लावला. फोनमधले चार-पाच गट काढून टाकले, दोन ठेवले. मी म्हटले, आमचा घरचा गट? म्हणाली, "आबा, त्यात तुम्ही रोज चाळीस फोटो टाकता गुड मॉर्निंगचे." काढला असावा. मी विचारले नाही.

आमच्यात ठरले ते असे. मी फोन करायचा नाही. ती गुरुवारी आरतीनंतर करेल. त्यात 'जेवली का' विचारायचे नाही, ती सांगेल ते ऐकायचे. वाईट सांगितले तर लगेच उपाय सांगायचा नाही. हे शेवटचे मला फार कठीण जाते, तुम्हालाही जाईल, करून पाहा. ती गेली. गणित अजून राहिलेच आहे, हिवाळी परीक्षेत पुन्हा बसते आहे. पास होईल की नाही, महाराजांना ठाऊक. वर्गात उठून बोलते म्हणाली, आणि 'काहून' म्हणते, आता मुद्दाम.

गेल्या गुरुवारी आरती झाली, प्रसाद वाटून झाला, घरी आलो. आठ वाजले, फोन नाही. साडेआठ वाजले. हिने ताट वाढले, म्हणाली, तूच लाव ना. मी फोन हातात घेतला आणि पुन्हा खाली ठेवला. ओट्यावर जाऊन बसलो, डोळे मिटले. सातपर्यंत गेलो आणि आकडा सुटला. एकपासून घेतले.